ज्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत

रायपूरचा बुढापारा ज्यांनी पाहिला असेल त्यांना तेथील बुढा तलाव आठवल्यावाचून राहणार नाही. या तलावास आता विवेकानंद सरोवर म्हणतात. नरेंद्रनाथ दत्त बालपणी, १८७७ च्या सुमारास, आपल्या वडिलांबरोबर काही काळ रायपुरास राहिले होते, त्याची ही स्मृती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, रायपूर राजधानी झाले, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे या तलावाकाठची जागा धरणे धरणाऱ्यांची जागा म्हणून सर्वांस ठाऊक होती. आपली गाऱ्हाणी घेऊन गावोगावची माणसे तेथे येत, मंडप उभारीत आणि ध्वनिक्षेपकावरून आपले म्हणणे राजधानीच्या कानी घालीत. २०२२ मध्ये ती जागा नवा रायपूरमधील तूता येथे हलविण्यात आली.

पुढील हकीकत ते मंडप अजून बुढापाऱ्यात पडत होते तेव्हाची आहे. मंडपापासून हाकेच्या अंतरावर, एका अरुंद गल्लीत, माझ्या आईची मावशी राहते. आम्ही तिला मावशीआजी म्हणतो. हजार माणसांचा आवाज त्या गल्लीत दिवसभर घुमत असे. मावशीआजीचा आवाज मात्र तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे जात नव्हता. मंडपातल्या माणसांपाशी संख्या होती. एकट्या माणसाने काय करावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

मावशीआजी वाईकडून लग्न होऊन रायपुरास आली. पन्नास वर्षे तिने बाजारात हिंदी, मोलकरणीशी छत्तीसगढी आणि देवाशी मराठी बोलून संसार केला. यजमान गेल्यावर तिने राहते घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले. आपण येथेच राहू आणि मुलगा सांभाळील, अशी अट त्यात लिहिलेली होती. पुढे तिला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हातपाय सावरले, पण जीभ अडखळू लागली आणि हिंदी जवळजवळ नाहीशी झाली. उरली ती मराठी, तीही एकेका शब्दासाठी वाट पाहायला लावणारी. समज मात्र पूर्वीइतकीच शाबूत होती. परंतु ज्याला चटकन बोलता येत नाही त्याला कळतही नाही, असे धरून चालण्याची आपल्याकडे रीतच आहे. डॉक्टर तिच्या प्रकृतीविषयी सुनेला विचारीत, बँकेतील कारकून मुलाला विचारी, आणि आम्ही नातलग तिच्यादेखत तिच्याविषयी 'तिला' असे म्हणून बोलत असू.

मुलाने घराचा अर्धा भाग भाड्याने दिला, आणि भाडेकरूंच्या सोयीसाठी मावशीआजीच्या खोलीचे अंगणाकडचे दार बंद करून त्याला कुलूप लावले. पेन्शनचे पासबुकही त्याने आपल्यापाशी ठेवले. छळ म्हणावा असे त्यात काही नव्हते. जेवणखाण वेळेवर होत होते. तथापि मावशीआजी दिवसेंदिवस मिटत चालली होती. अखेरीस नात्यातल्या काहींनी पुढाकार घेतला, तिचा अंगठा घेऊन अर्ज झाला, आणि प्रकरण प्रथम समेटासाठी एका अधिकाऱ्यापुढे ठेवण्यात आले. माझा धंदा अनुवादाचा. सबब तिचे मराठी अधिकाऱ्यांस हिंदीत सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

आदल्या रात्री मी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयीचा कायदा वाचून काढला. त्याचे २३ वे कलम असे की, सांभाळ करण्याच्या अटीवर कोणा ज्येष्ठाने आपली मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरविता येते. ते वाचून मी पेटून उठलो होतो. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी सौम्यपणे विचारले, "आजींना काय पाहिजे?" मावशीआजीने बराच वेळ घेतला. "दार... अंगण... माझं..." एवढे शब्द आले. मी क्षणाचाही विलंब न लावता शुद्ध हिंदीत सांगितले, की घर परत मिळावे आणि बक्षीसपत्र रद्द व्हावे, अशी त्यांची मागणी आहे.

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. तो ताडकन उठून म्हणाला की आता जे काय व्हायचे ते कोर्टातच होईल. पुढली तारीख पडली. परतताना रिक्षात मावशीआजीने माझ्याकडे पाहिले नाही. रात्री मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा तिने माझे मनगट धरून ठेवले आणि एकेक शब्द जुळवीत म्हणाली, "अरे... मी घर मागितलं का? मी दार मागितलं."

तिला कुलूप लावलेले ते दार उघडून हवे होते, म्हणजे सकाळी तुळशीपाशी जाता येईल. पासबुक आपल्या उशाखाली हवे होते. आणि मुलाशी वैर तर मुळीच नको होते. त्याच्याच हातचे पाणी पिऊन तिला डोळे मिटायचे होते. तिच्या तीन शब्दांत हे सगळे होते. त्यांच्या जागी मी माझा संताप घातला आणि त्याला अनुवाद म्हटले.

त्यानंतर जे घडले त्याचे श्रेय त्याच गल्लीतील एका निवृत्त शिक्षिकेला. आम्ही त्यांना नुसते बाई म्हणू. त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या, घराशी त्यांचा काही संबंध नव्हता, मुलाशी भांडण नव्हते आणि अधिकाऱ्यांशी ओळखही नव्हती. चार दिवस दुपारी त्या मावशीआजीपाशी एकट्याच बसल्या. आम्हां सर्वांना त्यांनी बाहेर घालविले. प्रश्न एका वेळी एकच विचारीत, आणि उत्तराची वाट पाहत. आलेला शब्द जसाच्या तसा कागदावर लिहीत, तो वाचून दाखवीत, आणि मावशीआजीने मान हलविली तर खोडून टाकीत. कायद्याने काय काय मागता येते हेही त्यांनी तिला सांगितले, घर परत मागता येते हेदेखील. आणि प्रत्येक मागणीचा परिणाम काय होईल हेही सांगितले. चौथ्या दिवशी पाच ओळींचा कागद तयार झाला. त्याचे हिंदी मी केले. या खेपेस ओळीला ओळ लावून.

पुढल्या तारखेला अधिकाऱ्यांनी तो कागद वाचला आणि बाईंना विचारले, "आपले स्वतःचे मत काय?" बाई म्हणाल्या, "माझे मत या कागदात नाही, आणि असण्याचे कारणही नाही." बाहेर आल्यावर मात्र त्या मला म्हणाल्या, "मला विचाराल तर मी घर मागितले असते. पण मला कोणी विचारायचे नव्हते."

दार उघडले. पासबुक उशाखाली आले. मुलगा पहिल्यासारखा बोलत नाही, आणि घर त्याच्याच नावावर आहे. माझ्या दृष्टीने हा निकाल अपुरा आहे. मावशीआजीच्या दृष्टीने तो तिने मागितला तेवढा आहे. मी पुढे २३ वे कलम पुन्हा वाचले, तेव्हा आदल्या वेळी घाईत निसटलेले शब्द दिसले. हस्तांतर रद्द व्हायचे ते देणाऱ्याच्या मर्जीने. कायद्यानेच निवड तिच्या हाती ठेवली होती. ती तिच्या हातून काढून घेतली होती ती मी, तिच्या कैवाऱ्याने.

'कैवार' हा आपल्या भाषेतला मोठा प्रेमळ शब्द आहे. पण कैवार घेणारा पुष्कळदा आपलेच घोडे पुढे दामटतो. 'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण आपण गमतीने वापरतो खरी, परंतु दुबळ्या माणसाच्या बाजूने उभे राहताना आपण तिच्यावर नकळत विश्वासही ठेवतो. आजारी माणसाला, वृद्धाला, मतिमंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाला काय हवे ते त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, असे आपण गृहीत धरतो. यास्तव अशा माणसाला जो सोबती हवा तो नुसता मायाळू असून भागत नाही. तो स्वतंत्र असला पाहिजे. ज्याला त्या निर्णयातून काही मिळायचे आहे तो स्वतंत्र नव्हे. ज्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडायचे त्या कचेरीचा चाकर स्वतंत्र नव्हे. आणि ज्याला आपलाच राग शांत करावयाचा आहे तोही स्वतंत्र नव्हे. मी या तिसऱ्या प्रकारात मोडत होतो.

बुढापाऱ्याच्या भागात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे मराठी घरात जन्मले आणि हिंदीचे थोर संपादक झाले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. पुढे रामदासांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणले. त्यांच्याच मासिकात १९०१ साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते, आड येते ती एका अनाथ विधवेची झोपडी. जमीनदार वकिलांच्या मदतीने कोर्टातून झोपडीचा ताबा मिळवितो. विधवेच्या बाजूने कोर्टात कोणी उभे राहिल्याचे कथेत दिसत नाही. पुढे ती नातीसाठी चूल घालावयास त्या जागेतली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलून द्यायला जमीनदारालाच विनविते. त्याच्याने ती उचलत नाही; तेव्हा ती त्याला त्या ओझ्याचा अर्थ समजावून सांगते. तो वरमतो आणि झोपडी परत करतो.

लहानपणी ही कथा वाचली तेव्हा शेवट गोड झाला याचा आनंद झाला होता. आता दोन गोष्टी टोचतात. एक म्हणजे, त्या विधवेला बोलता येत नव्हते असे मुळीच नाही. साऱ्या कथेत तिच्याइतके नेमके कोणीच बोलत नाही. उणीव होती ती तिचे बोलणे योग्य वेळी, योग्य जागी ऐकले जाण्याची. दुसरे म्हणजे, तिला न्याय मिळाला तो जमीनदाराच्या मनाला पाझर फुटला म्हणून. प्रत्येक जमीनदाराला पाझर फुटेल या भरवशावर समाज चालवता येत नाही. म्हणूनच जिथे निकाल होतो तिथे, निकालाच्या आधी, तिच्या शेजारी कोणीतरी बसलेले हवे.

दुसऱ्याच्या वतीने बोलावयाचे तर त्याची अनुज्ञा हवी, ही गोष्ट महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखली होती. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्यामागे पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या लोकांच्या तक्रारी होत्या, आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सर्वांचे सार्वजनिक काका, हे तिचे प्राण होते. या सभेचा एक नियम असा की, सभासद होऊ पाहणाऱ्याने निदान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. लोकांच्या नावाने बोलणाऱ्याला 'कोणी नेमले तुम्हाला?' असे सरकारने विचारले, तर दाखवावयास कागद असावा. याच काकांनी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घेतले. फडक्यांचा मार्ग सशस्त्र बंडाचा. काकांचा सनदशीर अर्जविनंत्यांचा. तरीही आरोपीची बाजू मांडली गेली पाहिजे म्हणून ते उभे राहिले. पक्षकाराशी मतभेद असूनही त्याचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडणे म्हणजे काय, हे यातून दिसते.

आजच्या कायद्यांतही हे तत्त्व ठिकठिकाणी आढळते, फक्त त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात. वर सांगितलेल्या २००७ च्या कायद्यात ज्येष्ठ स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. आणि आईवडिलांची तशी इच्छा असेल तर निर्वाह अधिकारी न्यायाधिकरणापुढे त्यांची बाजू मांडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा आणि तो बदलण्याचाही हक्क दिला. त्या प्रतिनिधीने काय पाहावे हेही कायदा सांगतो: रुग्णाची आजची आणि पूर्वीची इच्छा, त्याचे आयुष्य, त्याच्या श्रद्धा, आणि रुग्णाला जेवढे समजते तेवढ्या मर्यादेत त्याच्या मताला विशेष मान. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात तर, ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी करण्यास माहिती अधिकाऱ्यानेच साहाय्य करावे, असे म्हटले आहे. इंग्लंडने २०१४ च्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. वृद्धाच्या किंवा अपंगाच्या देखभालीचा निर्णय घेताना त्याला त्यात भाग घेणे फार अवघड जात असेल आणि मदतीला योग्य असे कोणी नसेल, तर स्वतंत्र सोबती मिळवून देणे हे तेथील स्थानिक शासनाचे कर्तव्य ठरले. विशेष म्हणजे, पगार घेऊन त्याची शुश्रूषा करणाऱ्याला 'योग्य माणूस' म्हणून मोजता येत नाही.

कचेरीची पायरी चढण्याची वेळ आलीच, तर वाचकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्यानुसार स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना, अपंगांना आणि कोठडीत असलेल्यांना विनामूल्य कायदेविषयक मदत मिळते. स्त्रीच्या बाबतीत तिचे उत्पन्न किती हे पाहिले जात नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाची कचेरी असते, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा निराळा क्रमांक आहे.

पण बहुतेक प्रसंग कचेरीत घडतच नाहीत. ते आपल्या घरात, दवाखान्यात, बँकेच्या खिडकीपाशी घडतात. तेथे मावशीआजीच्या बाईंनी जे केले ते कोणालाही करता येईल. प्रश्न माणसाला विचारावा, त्याच्या मुलाला नव्हे. त्याला एकांतात बोलू द्यावे. उत्तराला वेळ लागला तर वाक्य पुरे करून देण्याचा मोह आवरावा. जे लिहिले ते वाचून दाखवावे आणि खोडण्याचा अधिकार त्यालाच द्यावा. सर्व मार्ग आणि त्यांचे परिणाम सांगावेत, परंतु आपल्या आवडीच्या मार्गाकडे त्याचे बोट धरून नेऊ नये. जेव्हा माणूस काहीच सांगू शकत नाही, तेव्हा तो सुदृढ असताना काय म्हणत असे, त्याला काय रुचत असे, ते आठवावे. आणि तो स्वतः बोलू लागला की आपण गप्प व्हावे.

यात एक कठीण प्रश्न आहे, तो टाळणे बरे नव्हे. माणूस मागतो तेच त्याच्या जिवावर बेतणारे असेल तर? लहान मुलाचा छळ होत असेल, कोणाच्या प्राणाला धोका असेल, तर सोबत्याने मौन पाळू नये. तेथे पोलिसांची, डॉक्टरांची मदत घेणे हेच कर्तव्य. तेव्हाही आपण काय करीत आहोत आणि का, हे त्या माणसाला सांगावे. परंतु 'हे शहाणपणाचे नाही' आणि 'हे धोक्याचे आहे' यांतले अंतर आपण फार लवकर पुसतो. मावशीआजीने घर मागितले नाही, हे माझ्या मते शहाणपणाचे नव्हते. धोक्याचे मात्र ते खचितच नव्हते.

मी अजूनही भाषांतराचाच धंदा करतो. मूळ लेखकाचे वाक्य मला अपुरे वाटले तरी त्यात माझे वाक्य घुसडायचे नाही, ही या धंद्याची पहिली शिकवण. ती मी कागदावर पाळीत आलो होतो, आणि जिवंत माणसापुढे विसरलो. गेल्या दिवाळीत रायपुरास गेलो, तेव्हा मावशीआजी अंगणात खुर्ची टाकून बसली होती. दार उघडेच होते. कोणी पाहुण्यांनी मला विचारले, "आजी चहा घेतील का?" मी म्हणालो, "त्यांनाच विचारा." मग आम्ही सगळे थांबलो. थोडा वेळ गेला, आणि मावशीआजी म्हणाली, "अर्धा कप."